सिपनेच्या काठी दोन दिवस : नागपूरहून मेळघाटातल्या नदीला जाताना

नागपूरकराच्या ओळखीचे पाणी बहुतेक वेळा तलावाचे असते. अंबाझरी असो, फुटाळा असो की रामटेकजवळची खिंडसी, काठावर सतरंजी अंथरली की पाणी सकाळी जिथे होते तिथेच संध्याकाळीही असते. त्यामुळे लेकराबाळांना घेऊन काठावर निर्धास्त बसण्याची सवय आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. डोंगरातल्या नदीवर नेमकी हीच सवय घात करते, म्हणून सातपुड्यातल्या सिपना नदीवर दोन दिवस कसे घालवावेत हे सांगताना मी गाडी, खोली आणि जेवणाइतकीच जागा पाणी ओळखण्याला देणार आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नाग नदी आणि अंबाझरीच्या सांडव्याखालचा नाला काही तासांच्या पावसाने घराघरांत शिरला, तेव्हा पाणी किती लवकर चढते हे शहराने एकदा पाहिले. सिपनेसारख्या नदीत असे चढणे दर पावसाळ्यात अनेकदा होते आणि तिथे ते कुणाला नवलाचे वाटत नाही.

सिपना मेळघाटातली नदी आहे. मेळघाट हा सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला मुलूख असून खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या त्याच्या पाच नद्या शेवटी तापीला मिळतात. इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत सिपना म्हणजे सागवान, आणि नदीच्या दोन्ही अंगांनी चढत गेलेले सागाचे जंगल पाहिले की हे नाव कसे पडले ते वेगळे सांगावे लागत नाही. आपली नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. सिपनेचे पाणी मात्र तापीतून सुरतेकडे, खंभातच्या आखातात उतरते. नागपूरहून तिथे जाताना आपण वाटेत कुठेतरी भारताच्या दोन समुद्रांमधला जलविभाजक, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाटणारा उंचवटा, ओलांडतो. रस्त्यावर त्याची खूण नाही, पण वर्धा नदीचा पूल मागे पडून अमरावती आली की पुढची नदी पूर्णा खोऱ्यातली, म्हणजे तापीकडे जाणारी आहे, एवढे मुलांना जरूर सांगावे.

महिना आधी, तारीख नंतर

सहल ठरवताना आपण सुट्ट्या पाहतो, मग खोली पाहतो आणि नदीचा विचार सर्वांत शेवटी करतो. सिपनेसाठी हा क्रम उलटा करावा लागतो, कारण वर्षभरात ही नदी तीन वेगळी रूपे घेते आणि त्यांतले एकच रूप पाण्याजवळ बसण्याजोगे असते.

जूनच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत ती मातकट आणि फुगलेली असते. चिखलदऱ्याच्या पठारावर नागपूरपेक्षा बराच जास्त पाऊस पडतो. खाली काळा बेसाल्ट आणि त्यावर पातळ माती असल्याने त्यातले थोडेच पाणी मुरते आणि बाकीचे उतारावरून थेट नाल्यात येते. या दिवसांत मेळघाट पाहायला अतिशय सुंदर असतो, पण तो रस्त्यावरून, पुलावरून किंवा चिखलदऱ्याच्या पॉइंटांवरून पाहावा. नदीच्या पात्रात पाय ठेवण्याचा विचारही करू नये.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारी अखेरपर्यंतचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो, आणि त्यातही नोव्हेंबर. पाणी निवळलेले असते, तळाचे गोटे दिसतात, प्रवाह जिवंत असतो, पण अंगावर येत नाही, आणि जंगलाची पाने अजून झडलेली नसतात. थंडीचा अंदाज मात्र नागपूरच्या थंडीवरून करू नये. सेमाडोह आणि कोलकास ही मुक्कामाची दोन्ही ठिकाणे दरीच्या तळाशी आहेत. रात्री डोंगरउतारांवरची गार, जड हवा खाली सरकून नदीपात्रात साचते आणि समोरच्या डोंगरामुळे सकाळी ऊनही तळापर्यंत उशिराच पोचते. जाड स्वेटर, कानटोपी आणि कोरड्या मोज्यांचे दोन जोड सोबत असले की सकाळी सहाला काठावर उभे राहता येते.

फेब्रुवारीपासून नदी तुटत जाते. वाहते पाणी थांबते, डोह उरतात आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या डोहांवर पहिला हक्क जंगलातल्या जनावरांचा असतो. ज्या पाण्यावर गवा आणि अस्वल रोज येतात, तिथे माणसाने तासन्तास ठाण मांडून बसणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे आणि आपल्यासाठी धोक्याचेही आहे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम मानला जातो. त्या काळात सागाचा वाळलेला पाला एका ठिणगीने पेटतो, म्हणून चूल, शेकोटी आणि विडी-सिगारेट यांना पूर्ण मज्जाव समजावा.

रस्ता आणि मुक्काम

नागपूरहून सेमाडोह सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी असे करत अमरावती, तिथून पन्नासेक किलोमीटरवर परतवाडा आणि पुढे घटांगवरून घाट उतरत सेमाडोह, हा नेहमीचा रस्ता आहे. काटोल, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार असा दुसरा रस्ता संत्र्याच्या बागांमधून जातो. तो अरुंद असला तरी ज्यांना महामार्गाचा कंटाळा आहे त्यांना आवडेल. सकाळी सहाला निघावे, म्हणजे थांबत-थांबत दुपारी एकच्या सुमारास पोचता येते. घाटातली वळणे आंधळी आहेत आणि एसटी बस व मालाचे ट्रक त्याच अरुंद रस्त्याने येतात, त्यामुळे प्रत्येक वळणावर हॉर्न द्यावा आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचावे. अंधारात हा रस्ता जनावरांचा असतो.

परतवाडा हे शेवटचे मोठे गाव. पेट्रोल, रोख पैसे, औषधे, मेणबत्त्या असे जे काही लागणार असेल ते इथेच घ्यावे. घाटाच्या पुढे मोबाइलचे नेटवर्क कुठे मिळते, कुठे मिळत नाही, म्हणून घरच्यांना परतण्याची वेळ परतवाड्यातूनच कळवून ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा भरते, तेव्हा या भागात गर्दी असते. हंडीतले मटण आणि रोडगे यांसाठी थांबायचे असेल तर तेवढा वेळ आधीच धरावा. स्वतःची गाडी नसेल तरी अडत नाही. नागपूरहून अमरावतीला बस भरपूर आहेत आणि परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या एसटी बस सेमाडोहवरूनच जातात.

मुक्कामाला सेमाडोहचे पर्यटन संकुल आणि तिथून पंधराएक किलोमीटरवर, सिपनेच्या वळणावर उंचावर असलेले कोलकासचे विश्रामगृह अशा दोन चांगल्या जागा आहेत. दोन्हींचे आरक्षण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. ओळखीच्या माणसाच्या भरवशावर निघून नाक्यावरून परत फिरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. दोघांतून एकच निवडायचे तर मी कोलकास निवडतो, कारण तिथे बसल्याजागी खाली नदीचे पूर्ण वळण दिसते आणि पाण्याजवळ न जाताही नदी दिवसभर आपल्या सोबत असते. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर हे फार मोलाचे ठरते. एका रात्रीचा मुक्काम करून परतणे मात्र टाळावे. पहिला दिवस रस्त्यात जातो आणि नदी कळते ती दुसऱ्या दिवशी.

पाणी वाचणे

हे जंगल १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक आहे, ही गोष्ट नदीकाठीही विसरू नये. काठावर कुठेही उतरता येत नाही. संकुलातल्या वनकर्मचाऱ्यांना विचारावे आणि ते दाखवतील तिथेच, ते सांगतील त्या वेळेत जावे. शक्य असेल तर स्थानिक वाटाड्याला बरोबर घ्यावे. कोरकू गावांतली मुले या पाण्यातच लहानाची मोठी झाली आहेत आणि कोणत्या दगडाखाली पाणी खोल आहे हे त्यांना पाठ असते. त्यांना योग्य मेहनताना द्यावा आणि त्यांचे ऐकावे.

जागा निवडताना आधी उभे राहून नदीचे वळण पाहावे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाणी जोरात घासत जाते, त्यामुळे तिथे काठ उभा तुटलेला आणि तळ खोल असतो. आतल्या अंगाला वेग कमी होऊन वाळू आणि गोटे साचतात आणि पाणी उथळ होत जाते. बसायची जागा नेहमी आतल्या अंगाची धरावी. मग काठावरच्या झाडांकडे नजर वर करून पाहावे. बुंध्यांना आणि झुडपांना पालापाचोळा, काड्या, कधी प्लास्टिकचा तुकडा अडकलेला दिसतो. त्या उंचीपर्यंत यंदाचा पूर आला होता. ही रेघ अनेकदा आपल्या डोक्यावरून जाते आणि ती एकदा पाहिली की नदीविषयी मनात जो आदर निर्माण होतो तो कोणत्याही फलकाने होत नाही. पाठीमागे लगेच वर चढता येईल अशी वाट असलेली जागाच निवडावी. नदीमधल्या बेटावर किंवा दोन धारांच्या मधल्या खडकावर डबा उघडून कधीही बसू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या डोक्यावर निळे आभाळ असतानाही नदी चढू शकते, कारण तिचे पाणी आपल्या डोक्यावरच्या ढगातून नव्हे, तर वीस-तीस किलोमीटर वरच्या डोंगरांवरून आलेले असते. एका ऑक्टोबरात आम्ही सकाळी दहाला एका सपाट काळ्या खडकावर चपला काढून ठेवल्या होत्या. वर ऊन होते, पाणी नितळ होते. काही वेळाने पाण्यात दुधाचा थेंब पडावा तसा किंचित गढूळपणा आला आणि सागाची ओली पाने वाहत येऊ लागली. बरोबरच्या कोरकू वाटाड्याने एकही शब्द न वाढवता मुलांना उचलून वर चढवले. अर्ध्या तासाने तो खडक दिसत नव्हता. तेव्हापासून मी चार खुणा पाहत असतो : पाण्याचा रंग बदलणे, अचानक पाने-काड्या आणि फेस वाहत येणे, काठाजवळ निवडलेल्या एखाद्या दगडाचा ओला कडा वर सरकणे आणि नदीचा आवाज जड होणे. यांतली एक जरी खूण दिसली तरी सामान गोळा करत बसू नये. आधी माणसे वर न्यावीत, सतरंजी आणि डबे राहिले तर राहू द्यावेत. वरच्या बाजूला गडगडाट ऐकू आला किंवा डोंगरावर काळे ढग दिसले, तर खुणांचीही वाट पाहू नये.

डोहांविषयी माझे मत ठाम आहे : डोहात उतरायचेच नाही. सेमाडोहच्या नावातच डोह आहे आणि या नद्यांमध्ये असे खोल डोह जागोजागी आहेत. बेसाल्टमध्ये गोटे गरगर फिरून कोरलेले रांजणखळगे असतात, त्यांच्या कडा गुळगुळीत असतात आणि बाहेर यायला हाताला धरायला काही मिळत नाही. शिवाय नितळ पाणी डोळ्यांना फसवते. प्रकाश वाकत असल्यामुळे चार फूट खोल पाणी वरून तीन फुटांचेच दिसते. गडगा नदीतल्या सिद्धुकुंडात आणि डोलारमधल्या हत्तीकुंडात १९९० आणि १९९१ मध्ये मगरी सोडल्या गेल्या, हेही ध्यानात असू द्यावे. तलावात पोहता येणाऱ्याला नदीत पोहता येते हा समज चुकीचा आहे. तलावाचे पाणी माणसाला खेचत नाही, नदीचे खेचते.

पाय बुडवून बसणे, गोट्यांवरून चार पावले टाकणे, मुलांना उथळ धारेत काडीची होडी सोडू देणे, एवढा आनंद पुरेसा आहे आणि तो खरोखर मोठा आहे. त्यासाठी चपला किंवा सँडल नको. ओल्या बेसाल्टवर हिरवट-तपकिरी शेवाळाचा पातळ थर असतो आणि काळ्या दगडावर तो दिसत नाही. जुने, चांगल्या पकडीचे, लेस घट्ट बांधता येणारे बूट पाण्यातही घालावेत आणि कोरडा जोड खोलीवर ठेवावा. उथळ धार ओलांडायचीच असेल तर हाताशी काठी घ्यावी, तोंड प्रवाहाच्या येत्या बाजूकडे ठेवावे, पाठपिशवीचे कमरेचे बक्कल सोडावे आणि एक पाय नीट टेकल्याशिवाय दुसरा उचलू नये. वाहते पाणी गुडघ्याच्या वर जात असेल तर परत फिरावे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे आत गेल्यावर जमेल असा अंदाज तिथे चालत नाही. लहान मुले हाताच्या अंतरावर असावीत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका मोठ्या माणसाने तेवढा वेळ फोन खिशातच ठेवावा. दारूला या काठावर जागा नाही.

काठावर काय करावे

काही न करणे हे सर्वांत चांगले. पहाटेच्या उजेडात एका जागी तासभर गप्प बसले की नदी आपोआप भरू लागते. खडकांवरून शेपटी खालीवर हलवत धोबी येतो, वाळूच्या पट्ट्यावर नदी टिटवी चालते, कवड्या खंड्या पाण्यावर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. काठच्या अर्जुन, जांभूळ आणि उंबरावर वानरांचे कळप असतात, म्हणून डबा उघडा ठेवू नये आणि त्यांना काहीही खाऊ घालू नये. सागाच्या विरळ जंगलात नशीब असेल तर दिवसाही रानपिंगळा दिसतो. हा पक्षी ११३ वर्षे कुणाला नीट दिसला नव्हता, तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. एक दुर्बीण आणि पक्ष्यांचे एक पुस्तक चार जणांत पुरते. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवावा.

उंच झाडांवर आणि पुलांखाली आग्या मोहोळ असते. तीव्र अत्तर, धूर आणि आरडाओरड यांनी ते उठते, म्हणून बसण्यापूर्वी एकदा वर पाहण्याची सवय ठेवावी. पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे डास आणि गोचीड दोन्हींपासून वाचवतात. साप चावला तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ घालवू नये. चावलेला अवयव न हलवता रुग्णाला सरळ दवाखान्यात न्यावे. सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तर धारणी आणि अचलपूर इथे उपजिल्हा रुग्णालये आहेत.

नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते उकळल्याशिवाय पिऊ नये. साबण, शाम्पू, भांडी घासण्याची पावडर पात्रात अजिबात नेऊ नये आणि गाडी पात्रात धुवू नये. खालच्या गावांतल्या बायका उन्हाळ्यात याच वाळूत झिरे खणून हंडे भरतात. आपण सोडलेला फेस त्यांच्याकडे जातो. बरोबर पोळ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या असे कोरडे आणि टिकणारे खाणे घ्यावे आणि स्टीलच्या डब्यात घ्यावे, म्हणजे परत आणायला कचराच उरत नाही. संत्र्याच्या सालीही परत आणाव्यात. त्या कुजतात हे खरे, पण वानरे आणि रानडुकरे त्यांच्या वासाने माणसांच्या जागी यायला शिकतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवे तर चिखलदऱ्याकडे वळता येते. सेमाडोहहून वर चढत गेले की हजार मीटरहून उंच पठार लागते, तिथून ज्या डोंगरांचे पाणी आपण काल पाहिले ते सगळे एका नजरेत येतात आणि वाटेत गवळ्यांकडचा खवा मिळतो. पण सकाळ नदीवर घालवून मग जावे, उलट करू नये.

तिसऱ्या दिवशी परतताना सेमाडोहहून दुपारी बाराच्या आत निघावे. ओले बूट प्लास्टिकच्या पिशवीत न कोंबता वर्तमानपत्र भरून गाडीत मोकळे ठेवावेत, आणि निघण्यापूर्वी मुलांच्या कानांमागे, काखेत आणि मोज्यांच्या कडेला गोचीड आहे का ते पाहावे. ऑक्टोबर ते डिसेंबर हा संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीचा काळ असतो आणि मोर्शी-वरूडकडे संध्याकाळनंतर संत्र्यांनी भरलेल्या गाड्या रस्त्यावर येतात. त्या मार्गाने यायचे असेल तर वरूड उजेडातच मागे टाकावे.